घरी विज्ञान शिकवताय? पद्धत निवडताना या चुका टाळा

मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरलं की भाषा आणि गणित कसंही करून जमवू, एवढा धीर असतो. धास्ती असते ती विज्ञानाची, त्यातही सहावी ते आठवीच्या. तोवर बिया रुजवणं, गांडूळ बघणं यावर भागलेलं असतं. आता अणू, पेशी, विद्युतधारा, आम्ल-आम्लारी असं सगळं एकदम अंगावर येतं, आणि घाबरून घेतलेले निर्णय पुढे वर्षभर निस्तरावे लागतात. पुण्यात होमस्कूलिंग करणाऱ्या घरांमध्ये मला पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे लिहिते आहे.

आधी पॅकेज, मग मूल

परदेशी तयार अभ्यासक्रम देखणे असतात. पण त्यात तापमान फॅरेनहाइटमध्ये, वजन औंसात आणि पानगळ बघायला बाहेर पडायचा धडा ऑक्टोबरात! ऑक्टोबरात आपल्या वेताळ टेकडीवर गुडघाभर गवत असतं. झाडं बोडकी होतात ती जानेवारीनंतर. पैसे भरलेत म्हणून मग मुलाला त्या धड्यात कोंबलं जातं.

पैसे भरण्याआधी एकच विषय घ्या आणि तीन आठवडे तीन तऱ्हांनी करून बघा. समजा, आम्ल आणि आम्लारी. पहिल्या आठवड्यात बालभारतीच्या पुस्तकातला धडा आधी वाचा, मग कृती करा (पीडीएफ फुकट मिळते). दुसऱ्या आठवड्यात उलटं: हळद, जास्वंदीचा अर्क, लिंबू, साबणाचं पाणी समोर ठेवा, पुस्तक नंतर उघडा. तिसऱ्या आठवड्यात मुलाच्याच एखाद्या प्रश्नामागे जा, जसं की हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो. कुठल्या आठवड्यात मुलाने कुणी न सांगता स्वतःहून काही करून बघितलं, ते पाहा. तुमच्या घराची पद्धत ती.

चमत्काराला प्रयोग समजणं

सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी सगळ्यांनी केलेला असतो. फेस आला, फोटो काढला, संपलं. बारा वर्षांच्या मुलासाठी एवढं फार थोडं आहे. तेच साहित्य ठेवा आणि फेस येण्याआधी विचारा, मिश्रण गरम होईल की गार? बहुतेक मुलं गरम म्हणतात. तापमापी धरली की पारा खाली येताना दिसतो, कारण ही क्रिया उष्णता शोषून घेते. मग सोडा दुप्पट घेऊन बघा, व्हिनेगर तेवढंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही सवय या वयात लागली तर पुढचं बरंचसं सोपं जातं.

तापमापी मात्र प्रयोगशाळेची, ११० अंशांपर्यंत मोजणारी घ्या. ताप बघायचा थर्मामीटर गरम पाण्यात घालू नका. तो ४२ अंशांपर्यंतचाच असतो.

फसलेला प्रयोग गुंडाळून ठेवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पुस्तकात लिहिलेलं घडलं नाही की पालक ओशाळतात, ‘जाऊ दे, असं व्हायला हवं होतं’ म्हणून पान उलटतात. मूल त्यातून शिकतं ते एवढंच की खरं उत्तर पुस्तकात असतं.

चुन्याच्या निवळीचं उदाहरण घ्या. पानाचा चुना पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी काढून स्ट्रॉने त्यात फुंकायचं. ते दुधाळ व्हायला हवं, पण होत नाही. का? टपरीवरून आणलेली डबी खूप दिवस उघडी राहिली असेल तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचा आधीच कार्बोनेट करून टाकलेला असतो. किंवा मुलाने उत्साहाने फार वेळ फुंकलं असेल: पाणी आधी दुधाळ होतं, पण फुंकत राहिलं तर पाण्यात विरघळणारं बायकार्बोनेट बनून ते पुन्हा नितळ होतं. दोन शक्यता, आणि दोन्ही तपासता येतात: नवी डबी आणा, दर दहा फुंकींनी थांबून रंग लिहा. (चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. चष्मा लावायचा, आणि स्ट्रॉने फुंकायचंच, ओढायचं नाही.)

दुसरं उदाहरण खास आपल्या शहराचं. पाणी १०० अंशांना उकळतं असं पुस्तक म्हणतं, आणि पुण्यात स्वयंपाकघरात तापमापी ९८ च्या आसपास अडकते. बिघडली म्हणून ती फेकू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. रविवारी सिंहगडावर जाल तेव्हा तापमापी सोबत न्या. पिठलं-भाकरी खाता खाता ‘मावशी, पातेलंभर नुसतं पाणी उकळून द्याल का?’ असं विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. तिथे, १,३०० मीटरच्या उंचीवर, आकडा ९६ च्या जवळ येतो. दोन ठिकाणच्या दोन आकड्यांवरून महाबळेश्वरचा अंदाज मुलालाच बांधू द्या.

लिहिण्यावरून भांडण

प्रयोग आवडतो, वही नको, ही तक्रार घरोघरी. हेतू-साहित्य-कृती-निष्कर्ष असं रोज लिहायला लावू नका. तीन ओळी पुरतात: काय होईल वाटलं, काय झालं, फरक का पडला असेल. चित्र चालेल, तक्ता चालेल. पण अंदाज प्रयोगाआधीच लिहायचा, त्यात सूट नको.

व्हिडिओवर आणि एकट्यावर सोडणं

‘मला विज्ञान येत नाही’ म्हणून मुलाला व्हिडिओ लावून देणारे पालक खूप आहेत. तुम्हाला उत्तर यायची गरज नाही, शेजारी बसायची आहे. आणि पुण्यात एकटं पडायचं कारणच नाही. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण-प्रकल्पाच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणींपैकी काही बघता येतात. मोटर, एलईडी, वायर लागली की मुलाला घेऊन बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा. दुकानदाराला काय हवंय ते त्यालाच सांगू द्या. घरच्या प्लगवर मात्र काहीही जोडायचं नाही, सेलवरच काम करायचं.

दहावीचा विचार फार उशिरा किंवा फार लवकर

सहावीपासून परीक्षेच्या प्रश्नपेढ्या नकोत. आठवीपर्यंत थांबणंही बरं नाही. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या) दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर प्रवेश घेता येतो आणि विज्ञान घेतलं तर प्रात्यक्षिकंही असतात. सातवी संपता संपता त्या प्रात्यक्षिकांची यादी काढा, घरी होण्यासारखी वेगळी करा. उरलेल्यांसाठी ओळखीच्या एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून, सुट्टीत प्रयोगशाळा वापरू द्याल का, असं स्पष्ट विचारा. हे विचारणं दिवाळीच्या आतच उरका, कारण जानेवारीनंतर शाळा स्वतःच्या दहावीच्या प्रात्यक्षिकांत गुंतलेल्या असतात.