आरशावरचे ओघळ आणि मायक्रोफायबरचे फडके

बाथरूममधला आरसा जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने कितीही घासला, तरी तिरका उजेड पडला की त्यावर पांढरट ओघळ आणि बारीक तूस दिसायचेच, म्हणून मी मायक्रोफायबरची दोन फडकी आणली. पॉलिएस्टर आणि नायलॉनचे हे तंतू 1 डेनियरपेक्षाही बारीक असतात (9 किलोमीटर धाग्याचे वजन 1 ग्रॅम भरले, की तो 1 डेनियरचा), आणि चांगल्या फडक्यात ते उभे चिरलेले असल्यामुळे पाणी, तेलकटपणा व धूळ त्यांच्या फटींत अडकून राहते. एका फडक्याने, नुसते पाणी लावून, आरसा पुसला, दुसऱ्या कोरड्याने टिपला आणि ओघळ गेले. काचेचा फवारा लागलाच नाही.

दोन महिन्यांनी मात्र तीच फडकी पाणी टिपण्याऐवजी पुढे ढकलू लागली. चूक माझीच होती: मी ती टॉवेलांबरोबर, फॅब्रिक सॉफ्टनर घालून धूत होतो, त्यामुळे तंतूंवर मेणचट थर बसला होता आणि टॉवेलांचे तूस त्यांत रुतले होते. कोमट पाण्यात थोडे लिक्विड डिटर्जंट घालून ती दोनदा वेगळी धुतली, तेव्हा टिपण्याची ताकद बऱ्यापैकी परतली. इस्त्री मात्र त्यांना कधीही लावू नये, तंतू वितळतात.