मांडवीवरचे दोन दिवस: पहिल्यांदा पोकरची टुर्नामेंट खेळायला जाणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही सहा जण चिंचोके लावून पोकर खेळायचो. आठवडाभर नोकरी आणि शनिवारी रात्री पत्ते. दोन वर्षांनी वाटायला लागलं, एकदा खऱ्या टेबलावर अनोळखी माणसांसमोर बसून बघावं. शुक्रवारी रात्री पुण्याहून बस धरली आणि सकाळी पणजीच्या कदंबा स्टँडवर उतरलो. शनिवारी एक टुर्नामेंट, रविवारी एक. निघण्याआधी ज्या गोष्टी मला कुणी सांगायला हव्या होत्या, त्या इथे लिहितो आहे.

गोवाच का, हे आधी. आपल्याकडे महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून लागू आहे. १९७६ साली कॅसिनोंसाठी केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मात्र १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने बोटींवरच्या टेबलांना वाट मिळाली. म्हणून मांडवीत नांगरलेल्या त्या कॅसिनोच्या बोटी. वय २१ पूर्ण हवं. ओळखपत्र आणि पॅन कार्ड जवळ ठेवा. गोव्यातल्या मित्राला सोबत नेण्याचा बेत असेल तर सोडून द्या, कारण फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली. त्यामुळे 'आधी मोबाइलवर थोडे पैसे लावून हात बसवू' हा रस्ताही उरलेला नाही. घरी चिंचोक्यांवर केलेला सराव हाच तुमचा सराव.

पैशांचं गणित घरूनच करून निघा. मी दोन पाकिटं केली होती: शनिवारच्या प्रवेश फीचे ११,००० आणि रविवारचे ५,५००. ज्यावर पाणी सोडलं तरी घरातल्या कुणालाही झळ लागणार नाही, एवढीच रक्कम न्या. एटीएम कार्ड मी खोलीवर ठेवून गेलो होतो, तुम्हीही ठेवा. टुर्नामेंटचा मोठा गुण हा की फी भरली की चिप्स मिळतात, त्या संपल्या की तुम्ही उठता, त्याहून जास्त जाऊ शकत नाही. पण पहिले काही तास पुन्हा फी भरून परत बसायची मुभा असते, आणि माणसाचा पाय घसरतो तो तिथेच. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के दराने कर लागतो आणि प्रवासाचा, हॉटेलचा खर्च त्यातून वजा होत नाही, हेही हिशेबात धरा.

आता टेबलाकडे. शनिवारी प्रत्येकाला २५,००० च्या चिप्स मिळाल्या. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच आळीपाळीने दोघांनी टाकायची रक्कम, एकाने लहान आणि दुसऱ्याने मोठी, दर अर्ध्या तासाने वाढणार होती.

तिसऱ्या टप्प्यात ब्लाइंड २००-४०० असताना मला दोन राण्या आल्या, इस्पिक आणि बदाम. तासाभरात आलेली पहिली दमदार पानं. माझ्या आधी सगळ्यांनी पत्ते टाकले होते, म्हणजे डाव सोडला होता. रक्कम वाढवून १,००० करायची म्हणून मी हजाराची एक चिप उचलली आणि काही न बोलता पुढे ठेवली. डीलर म्हणाला, "कॉल." मी सांगायला गेलो की मला रेझ करायचं होतं. त्याने शांतपणे ६०० परत माझ्याकडे सरकवले. नियम असा आहे की तोंडाने न सांगता एकच मोठी चिप ठेवली तर तो कॉल, म्हणजे आधीच्या रकमेशी नुसती बरोबरी, धरला जातो. गच्चीवर आम्हाला हे कधी नडलंच नव्हतं.

त्याचा परिणाम बघा. मोठ्या ब्लाइंडवरच्या माणसाकडे सत्ती आणि चव्वी होती. मी १,००० केले असते तर अशी पानं बहुतेक त्याने टाकली असती. त्याचे ४०० आधीच भरलेले होते, म्हणून आता त्याला आणखी एक पैसाही न भरता पुढची पानं बघायला मिळाली. मध्ये सगळ्यांची सामाईक पानं उघडली: नश्शी, सत्ती, चव्वी. त्याच्या दोन जोड्या झाल्या आणि मी मात्र माझ्या राण्या सगळ्यांत वर आहेत असं धरून पैसे लावत गेलो, आधी १,०००, मग २,५००. शेवटच्या पानानंतर त्याने ५,००० लावले, तेही मी भरले. जवळजवळ ९,००० चिप्स गेल्या. डीलरचं काही चुकलं नव्हतं, त्या माणसाचंही नाही.

म्हणून पहिला धडा: आधी तोंड, मग हात. "रेझ, बाराशे" असं स्पष्ट बोला आणि मग चिप्स ठेवा. चिप्स दोन खेपांत पुढे सरकवल्या तर दुसरी खेप धरत नाहीत. एकदा बोललेला शब्द बांधील असतो, तोही आपली पाळी आल्यावरच उच्चारायचा. पत्ते उचलून छातीशी धरायचे नाहीत. दोन्ही तळव्यांच्या आडोशाने कोपरे तेवढे वाकवून बघायचे आणि वर एखादी चिप ठेवायची, नाहीतर डीलर टाकलेले समजून ओढून घेऊ शकतो. डाव चालू असताना त्यावर एक अक्षर बोलायचं नाही, तुम्ही त्यात नसलात तरी.

दुसरी गोष्ट वेळेची. नऊ जणांच्या टेबलावर तासाला जेमतेम २५-३० डाव होतात. हातात जोडी येते सरासरी १७ डावांत एकदा. दोन एक्के तर २२१ डावांत एकदा, म्हणजे दिवसभरात एखाद्या वेळी. उरलेल्या वेळात पत्ते टाकून बसायचं असतं आणि नवखा माणूस तिथे मोबाइल काढतो. काढू नका. खरा खेळ त्या वेळात शिकायला मिळतो. माझ्या डावीकडचे एक काका चांगली पानं असली की चिप्स मोजून, रचून ठेवायचे आणि नसली की भिरकावायचे. दोन तास बघितल्यावर मला त्यांच्यासमोर दोनदा पत्ते टाकता आले, आणि दोन्ही वेळा त्यांनी दाखवलेली पानं माझ्यापेक्षा सरस निघाली.

रात्री साडेनऊला ८४ पैकी १२ जण उरले, दोन टेबलांवर सहा-सहा. बक्षीस ११ जणांना होतं. आणखी एक जण बाहेर पडला की बाकी सगळे बक्षिसात. ब्लाइंड २,०००-४,०००, शिवाय मोठ्या ब्लाइंडवाल्याने भरायचा ४,००० चा अँटी (डावाआधीच टाकायची जादा रक्कम), म्हणजे एक फेरी पत्ते न खेळता बसलं तरी १०,००० जातात. माझ्याकडे ५२,००० होते. मला एक्का-गुलाम आले. पण सगळ्यांत जास्त चिप्स असलेल्या मुलीने आधीच ९,००० केले होते. गच्चीवर मी डोळे झाकून सगळं लावलं असतं. इथे मी मान वळवून दुसरं टेबल बघितलं. तिथे एकाकडे फक्त ११,००० उरले होते आणि पुढच्याच डावाला मोठा ब्लाइंड त्याच्यावर येणार होता. त्याच्या ११,००० पैकी ८,००० न विचारता जाणार. मी पत्ते टाकले. चार मिनिटांनी तो उठला.

चिप्सची किंमत सगळीकडे सारखी नसते, हे मला त्या चार मिनिटांत कळलं. गमावलेली चिप तुम्हाला बाहेर काढते. कमावलेली तेवढीच चिप तुम्हाला तेवढं पुढे नेत नाही. बक्षिसाच्या उंबरठ्यावर तर हा फरक फार मोठा होतो. त्या मुलीला तो नेमका माहीत होता, म्हणून ती जवळजवळ प्रत्येक डावात रक्कम वाढवत होती आणि आम्ही सगळे मागे सरत होतो. तिचा खेळ बघणं हेच त्या दिवसाचं शिक्षण होतं.

पुढे दोन अठ्ठ्यांवर मी ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. समोर एक्का-राजा. असा सामना शंभरात साधारण ५५ वेळा जोडी जिंकते. चौथं पान राजा पडलं. मी नववा आलो. फीच्या दुपटीपेक्षा थोडे जास्त मिळाले, कर कापून त्याहून कमी.

रविवारचं थोडक्यात. रात्री दोनपर्यंत बाकीच्यांचा खेळ बघत बसलो, तीन तास झोपलो आणि दुपारी वीस-वीस मिनिटांचे टप्पे असलेल्या छोट्या टुर्नामेंटला बसलो. सव्वा तासात बाहेर. समोरचा नेहमीपेक्षा वेगळा वागतोय हे दिसत असूनही त्याने लावलेली रक्कम भरली. थकलेला डोळा बघतो, पण मेंदूपर्यंत पोचवत नाही. पुन्हा फी भरायची मुभा अजून उघडी होती, शेजारचे दोघे लगेच भरून आलेही. पाकीट रिकामं होतं. मी जेटीवर येऊन मिरामारच्या बाजूला चालायला लागलो.

परतीच्या बसमध्ये चोर्ला घाट लागायच्या आत आठवतील तेवढे डाव वहीत उतरवले. माझी पानं, माझी जागा, किती चिप्स, समोरच्याने काय केलं. एकूण २३ निघाले. हे त्याच रात्री करा, दुसऱ्या दिवशी फक्त जिंकलेले आणि फार वाईट हरलेले आठवतात. आणि सोमवारची रजा जायच्या आधीच टाकून ठेवा.