घोड्यावर पुढे झुकायची सवय कशी मोडावी

रायडिंग स्कूलच्या मैदानावर अर्धा तास उभं राहिलं तरी एक सूचना हमखास कानावर पडते: "खांदे मागे घ्या!" माझ्या मते सगळ्यात कमी उपयोगाची सूचनाही हीच. स्वार खांदे मागे खेचतो, छाती पुढे काढतो, कमरेत खड्डा पडतो आणि मैदानाची एक बाजू संपायच्या आत तो परत घोड्याच्या मानेकडे कललेला असतो. झुकणं दिसतं खांद्यात, पण ते सुरू होतं खाली, गुडघ्यात आणि मांडीत. मांड सुधारली नाही तर वरचं अंग सरळ राहत नाही. त्यामुळे दुरुस्तीही खालूनच सुरू करायची.

आपण झुकतो का?

पहिलं कारण भीती. तोल जातोय असं वाटलं की माणूस अंग आवळून घेतो, गुडघे वर घेतो आणि हाताला लागेल ते धरतो. घोड्यावर नेमकं हेच महागात पडतं. उभा घोडा आपल्या वजनाचा साधारण ६० टक्के भार आधीच पुढच्या पायांवर पेलत असतो, त्यात आपल्या धडाचा भार त्याच्या खांद्यांवर पडतो. त्याच वेळी आपल्या पोटऱ्या मागे सरकतात आणि टाचा वर येऊन त्याच्या कुशीला लागतात. शिकवलेल्या घोड्याला टाच लागली म्हणजे 'चल' एवढंच कळतं. तो वेग वाढवतो, स्वार घाबरून आणखी झुकतो, टाच आणखी रुतते. नवशिक्याचा घोडा 'उधळला' असं लोक सांगतात तेव्हा बऱ्याचदा त्या बिचाऱ्याने फक्त सांगितलेलं ऐकलेलं असतं. आणि अशा वेळी तो एकदम थांबला, तर पुढे झुकलेल्या स्वाराला अडवायला मानेशिवाय काही उरत नाही.

दुसरं कारण गुडघ्यांची पकड. पडू नये म्हणून आपण गुडघ्यांनी खोगीर गच्च धरतो. पण खोगीर वर निमुळतं आणि खाली रुंद असतं. कपड्यांचा चिमटा एखाद्या गोल वस्तूवर दाबला की तो वर निसटतो, तसंच गुडघे आवळणारा स्वार खोगिरातून वर ढकलला जातो. मग गुडघाच बिजागरी होतो: त्याच्या खालचा पाय मागे, वरचं धड पुढे.

तिसरं कारण नजर. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते घोड्याच्या कानांकडे किंवा आपल्याच हातांकडे वाकलं की पाठ गोल होते. आणि चौथं कारण तबेल्याच्या बाहेर आहे. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत गेले की जांघेच्या पुढचे स्नायू आखडतात. मग मांडी खाली सैल सोडायची म्हटली तरी ती सुटत नाही, उलट ओटीपोट पुढे ओढून घेते.

आधी व्हिडिओ काढा

आपण कधी झुकतो हे आपल्याला बसल्या जागी कळत नाही. कुणाला तरी फोन घेऊन मैदानाच्या कडेला उभं करा. फोन घोड्याच्या पोटाच्या उंचीवर हवा आणि घोडा बरोबर समोरून आडवा जायला हवा. तिरपा घेतलेला व्हिडिओ फसवतो. साधी चाल, ट्रॉट म्हणजे दुडकी, आणि दोन्हींतून थांबणं, एवढं चित्रित करा. मग व्हिडिओ थांबवून पाहा: कान, खांदा, कमरेचं हाड आणि टाच एका उभ्या रेषेत येतात का? याहून सोपी कसोटी म्हणजे, घोडा अचानक नाहीसा झाला तर हा स्वार पायांवर उभा राहील की तोंडावर पडेल? ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हेच सांगून ठेवलंय, की घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखं बसू नका, पाय फाकून ताठ उभं राहिल्यासारखं बसा.

व्हिडिओत एक गोष्ट नक्की शोधा. तुम्ही सतत झुकलेले असता, की ठरावीक क्षणीच? बहुतेकांचं झुकणं चाल बदलताना आणि थांबताना सुरू होतं. ते कळलं की सराव कुठे करायचा तेही ठरतं.

खोगीर आणि रिकीब तपासा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण वगळू नका. घोडा सपाट जमिनीवर उभा करून खोगिराकडे बाजूने पाहा. बसायच्या जागेतला सगळ्यात खोलगट भाग साधारण मध्यावर यायला हवा. खोगिराची पुढची बाजू दबलेली असेल तर तुम्ही कितीही प्रयत्न केला तरी पुढे घसरणार. उलट खोगीर घोड्याच्या खांद्यावर चढवून बांधलं असेल तर पुढची बाजू उचलली जाते, तुम्ही मागे घसरता आणि तोल सावरायला परत पुढेच वाकता. अशा वेळी सईसाला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, सांगून तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) सैल करा आणि खोगीर नीट जागेवर घ्या.

रिकिबीची, म्हणजे पाय ठेवायच्या कडीची, लांबी जमिनीवरून अंदाजे ठरते: बोटांची टोकं रिकिबीची वादी खोगिराला अडकते त्या पट्टीवर टेकवा, रिकीब काखेपर्यंत पोचली पाहिजे. वर बसल्यावर पाय सैल सोडा, रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी यावा. आखूड रिकीब बसणाऱ्याला मागे ढकलते आणि धड पुढे वाकवते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण फार लांब रिकीबही झुकवते, कारण ती शोधताना पावलं चवड्यांवर जातात. पर्यटनस्थळी भाड्याने घेतलेल्या घोड्यावर तर रिकीब जोखल्याशिवाय निघूच नका. आधीच्या माणसाच्या मापाची असण्याचीच शक्यता जास्त.

जमिनीवरची तयारी

घरी कडक खुर्चीवर बसा आणि दोन्ही तळहात बैठकीखाली ठेवा. दोन टोकदार हाडं हाताला लागतील. कंबर आत घेतली की ती मागे टोचतात, पोक काढलं की पुढे सरकतात. दोन्हींच्या मध्ये एक जागा अशी असते की हाडं सरळ खाली रुततात. घोड्यावर तीच जागा शोधायची आहे, म्हणून ती ओळखीची करून घ्या.

जांघेसाठी एक ताण रोज द्या. एक गुडघा जमिनीवर, दुसरं पाऊल पुढे, आणि पोट आत घेऊन कंबर हळूहळू पुढे सरकवा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिनिट. खोगिरात मांडी खाली सोडणं यानेच सोपं होतं.

उभ्या घोड्यावर 'सरळ' म्हणजे काय ते शिका

माझ्या दृष्टीने संपूर्ण दुरुस्तीतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ज्याला वर्षभर झुकून बसायची सवय आहे त्याच्या शरीराने झुकण्यालाच सरळ मानलेलं असतं. तो खरोखर सरळ बसला की त्याला आपण मागे पडतोय असं वाटतं, आणि घाबरून तो परत पुढे येतो. हा भ्रम मोडल्याशिवाय पुढचे सगळे व्यायाम वाया जातात.

कुणीतरी अनुभवी माणूस घोडा धरून उभा असू दे. हेल्मेट आणि टाचेचे बूट हवेतच. रिकिबी सोडा. हात मांडीवर. आता कमरेतून जमेल तितकं पुढे वाका, मग जमेल तितकं मागे कला. दर वेळी हे हेलकावे लहान करत जा, घड्याळाचा लंबक थांबत येतो तसे, आणि शेवटी जिथे कुठलाच स्नायू धरून ठेवावा लागत नाही तिथे थांबा. धरणाऱ्याला विचारा, मी सरळ आहे का? बहुतेकांना उत्तर मिळतं, 'अजून थोडं मागे.' तेवढं मागे जा, तिथे डोळे मिटून चार-पाच श्वास घ्या आणि अंगाला ती जागा लक्षात ठेवू द्या. पुढचे काही आठवडे 'मागे कलल्यासारखं वाटतंय' ही तुमच्यासाठी चांगली खूण आहे.

मग दोन्ही गुडघे एकदम वर उचला, खोगिराच्या पुढच्या उंचवट्याजवळ आणा. त्या क्षणी बसायची दोन्ही हाडं खोगिरात स्पष्ट जाणवतील. ती जाणीव न सोडता एकेक मांडी जांघेपासून किंचित मागे आणि खाली सोडा. गुडघा खोगिराला नुसता टेकलेला हवा, आवळलेला नको. पोटरी घोड्याच्या बरगड्यांभोवती सैल लागली पाहिजे. आता रिकिबी घ्या. टाच खाली दाबू नका. घोटा सैल सोडला की ती आपोआप खाली जाते.

चालत्या घोड्यावर

साध्या चालीत लगाम एका हातात घ्या आणि दुसरा हात सरळ डोक्यावर उंच करा. हात वर असताना पुढे झुकणं फार अवघड आहे. दहा-बारा पावलं झाली की हात बदला. नजर मैदानाच्या पलीकडचं एखादं झाड किंवा तबेल्याचं छप्पर यावर ठेवा. घोड्याचं पोट डावीकडे-उजवीकडे हलतं तशी बसायची हाडं आलटून पालटून खाली जातात. ती मोठ्याने मोजा, डावं, उजवं, डावं, उजवं. मोठ्याने मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही, आणि श्वास रोखला नाही की अंगही आवळत नाही.

शक्य असेल तर हा भाग लंजिंगवर करा, म्हणजे प्रशिक्षक लांब दोराने घोडा आपल्याभोवती गोल फिरवतो आणि स्वाराला लगामाची काळजी उरत नाही. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या स्वारांना सुरुवातीचा बराच काळ असंच लगाम आणि रिकिबीशिवाय दोरावर बसवतात. त्यांची ताठ बैठक जगप्रसिद्ध आहे ती त्याच्या जोरावर.

दुडकी

दुडकीत एक ठोका उठायचं, एक ठोका बसायचं, हे तुम्हाला येत असेल. उठताना धड कमरेतून किंचित पुढे असतं आणि तो दोष नाही. घोड्याच्या गतीबरोबर राहायला तेवढं लागतंच. दोष आहे तो खांद्यांनी उडी घेऊन उठण्यात. उठताना खांदे वर न्यायचे नाहीत, बेंबी हातांच्या दिशेने न्यायची.

सारंगखेड्याच्या बाजारात कौतुक होतं त्या रेवाल चालीच्या घोड्यांवर शिकलेल्यांना दुडकी खूप उडवते. रेवाल चालीत धक्का जवळजवळ नसतोच. त्यांनी इथे दुप्पट वेळ द्यावा आणि घाई करू नये.

झुकण्यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला व्यायाम असा: दोन ठोके वर, एक ठोका खाली. मोठ्याने म्हणा, 'वर, वर, खाली.' दुसऱ्या 'वर'ला तुम्हाला पूर्ण एक ठोका रिकिबीत उभं राहावं लागतं, आणि पाय जिथे असायला हवेत तिथे नसतील तर तिथेच पितळ उघडं पडतं. मानेवर पडलात तर पाय मागे गेलेले आहेत. धपकन मागे बसलात तर पाय पुढे गेलेले आहेत. दोन्ही वेळी धड सावरायला जाऊ नका, पाय कमरेखाली आणा. सुरुवातीला आयाळ धरली तरी चालेल. लगामाला मात्र लटकू नका, त्याचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात आहे. मैदानाची एक लांब बाजू हे जमलं की आधी उभ्या घोड्यावर शोधलेली ती सरळ जागा बसताना आपोआप सापडू लागते.

थांबताना

थांबण्याचा क्षण जवळून पाहा. स्वार लगाम ओढतो, त्याची कोपरं ताठ होतात. घोडा मान पुढे ताणून लगाम हिसकतो, आणि ताठ हातांच्या मागोमाग खांदेही पुढे जातात. इथे क्रम बदलायचा. आधी नजर वर, मग लांब श्वास सोडून बसायची हाडं खोगिरात जड होऊ द्या, कोपरं बरगड्यांशी आणा, आणि त्यानंतर बोटं मिटा. हात मागे ओढायचे नाहीत. पाच पावलं चाल, थांबा, पाच पावलं चाल, थांबा, असं करत राहा. मग दुडकीतून चालीत. शिकवलेला घोडा थोड्या वेळाने श्वास सोडताच हळू व्हायला लागतो, आणि स्वाराची भीती ओसरायला याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

कँटर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाची चाल, सुरू करतानाही लोक घोड्याला पुढे ढकलल्यासारखे झुकतात. त्याने घोड्याचा पुढचा भाग जड होतो आणि तो कँटरऐवजी दुडकीच जोरात करतो. बसून राहा, बाहेरचा, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूचा, पाय तंगाच्या थोडा मागे लावा आणि त्याला उठायला जागा द्या.

रिकिबीशिवाय सराव किती?

थोडा. दुडकीत एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरे. थकलेला स्वार गुडघे आवळतो, म्हणजे जी सवय मोडायला आलात तीच पक्की होते. पाठ दुखायला लागली किंवा खोगिरात आपटायला लागलात की लगेच रिकिबी घ्या. तुमच्या आपटण्याने घोड्याची पाठही दुखते. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा तीनदा अर्धा तास बसणं चांगलं. महिन्याने तोच व्हिडिओ, त्याच जागेवरून, परत काढा.

कुठे झुकायचंच असतं

चढावर, भरधाव वेगात आणि अडथळ्यावरून उडी घेताना पुढे जाणं बरोबर आहे. इटालियन घोडदळातला अधिकारी फेडेरिको काप्रिल्ली याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उडीसाठी पुढे झुकायची पद्धत रुजवली. त्याआधी स्वार उडी घेताना मागे कलत आणि घोड्याच्या पाठीला आणि तोंडाला हिसका बसे. पण हे झुकणं कमरेतून घडी घातल्यासारखं असतं: पाठ सपाट, नजर समोर, वजन टाचेत. खांदे पाडून, गुडघे आवळून केलेलं झुकणं उडीतही चुकीचंच.

माथेरान-पाचगणीच्या वाटांवर चढ लागला की कमरेतून थोडं पुढे व्हा आणि आयाळ धरा, म्हणजे घोड्याच्या मागच्या पायांना जोर लावायला मोकळीक मिळते. उतारावर फार मागे रेलू नका. झाडांसारखं उभं, आकाशाच्या दिशेने सरळ राहा आणि टाच खाली ठेवा. उतार संपला की रिकिबीतली पावलं एकदा जागेवर घ्या, तंग सैल झालाय का ते घोडेवाल्याला पाहू द्या आणि मगच दुडकीला लावा.