लोहारसाळीचं शाकारलेलं घर: आधी उतार बघा

कोकणात बंद पडलेल्या लोहारसाळी अजून दिसतात: जांभ्याच्या तीन भिंती, पुढची बाजू उघडी, वर कौलं. अशा साळीचं गवती छपराचं घर करायचं तर कौलं उतरवून त्याच वाशांवर गवत घातलं की झालं, असा बहुतेकांचा समज असतो, आणि घर पहिल्याच पावसात गळतं. कौलाला ३० अंशांचा उतार पुरतो, गवताला ४५ लागतो. उतार कमी असला तर पाणी काडीवरून ओघळत नाही, आत मुरतं आणि थर कुजतो. १२ फूट रुंदीच्या साळीत कौलाचं आढं भिंतीच्या माथ्यापासून साडेतीन फूट वर असतं, ते ६ फुटांवर न्यावं लागतं. म्हणजे वासे नवीनच.

इथे एक अडचण हमखास निघते. वळचण अडीच फूट बाहेर काढली की ४५ अंशांत ती तेवढीच खाली येते. भिंत ८ फुटांची असेल तर वळचण साडेपाच फुटांवर, थेट कपाळावर. भिंतीवर चिऱ्याचे दोन थर चढवा किंवा दार त्रिकोणी भिंतीकडच्या बाजूला घ्या. जोडाईला १ भाग चुना, ३ भाग वाळू. सिमेंट नको, जांभ्यातली ओल त्याने अडते.

वाशांसाठी माणगा बांबू उत्तम, जवळजवळ भरीव असतो. पावसाळा सरल्यावर तोडा. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अॅसिड विरघळवून त्यात निदान दहा दिवस बुडवून ठेवा. नाहीतर बांबूतलं स्टार्च खायला भुंगा येतो. रीपा एकेक फुटावर, बांधणी सुंभाने.

१८ फूट लांबीच्या साळीला दोन्ही पाख्या, म्हणजे छपराचे उतार, मिळून, भिंतीबाहेर आलेला भाग धरून, साधारण ५०० चौरस फूट शाकारणी पडते. डोंगरउताराचं वाळलेलं गवत घ्या. भाताचा पेंढा स्वस्त, पण एकदोन पावसाळ्यांचाच सोबती. ३ फुटांच्या पेंढ्या, सगळी बुडं एका दिशेला. वळचणीपासून आढ्याकडे चढत जा. दाबल्यावर ३ इंच राहील असा थर, वरच्या ओळीने खालचीचा दोन तृतीयांश भाग झाकलाच पाहिजे. मग कुठेही मोजा, ९ इंच भरतात. वरून कामटी (बांबूची चिरलेली पट्टी) दाबून, दाभणाने सुंभ आत ओवून रीपेला आवळायची. बोट सहज आत गेलं तर बांधणी सैल आहे, ती ओळ उकला. खाली ताडपत्री अंथरू नका. गवताला खालून वारा लागला नाही तर ते वाळत नाही.

भिंतीची काजळी आधी कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारलं तर ती चिऱ्याच्या भोकांत जाते आणि चुन्याच्या सफेदीतून पिवळे डाग फुटतात. ऐरणीच्या जागी फूटभर माती काढून टाका, तिच्यातले लोखंडाचे तुकडे गंजून फुगले की कोबा तडकतो. उघड्या बाजूला कारवीचा कूड (काड्यांची लिंपलेली भिंत) घाला. हलका असल्याने वेगळा पाया लागत नाही.

भट्टी पेटती ठेवायची हौस सोडून द्या. चूल कौलारू पडवीत हलवा, विजेच्या तारा लोखंडी पाइपातून न्या, गवताला तारांचा जोड टेकू देऊ नका. मात्र धूर गेला की कीड वाढते, म्हणून त्रिकोणी भिंतींत वारा खेळायला झरोके ठेवा आणि दर मे महिन्यात, मृगाआधी, आढ्यावर गवताचा एक नवा थर चढवा. आढं आधी कुजतं, पाख्या नंतर.