व्हीलचेअरवरून जत्रेतला दशावतार

सिंधुदुर्गात कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू होतो. जत्रेतला दशावतार, म्हणजे रात्री चालणारं इथलं लोकनाट्य, पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावरच उभा राहतो, म्हणजे सुरू व्हायलाच मध्यरात्र उलटते आणि दहीकाला होतो पहाटे. म्हणून काही जण अकराच्या सुमारास निघतात, आणि तिथेच फसतात. त्या वेळी खाजेवाल्यांच्या दुकानांमधली वाट माणसांनी गच्च भरलेली असते. गाड्या लांब मळ्यातच अडवतात आणि कापलेल्या भाताच्या खुंटांतून खुर्ची ढकलत न्यावी लागते.

उजेड असतानाच पोचा. दोन दिवस आधी देवस्थान कमिटीतल्या कुणाला तरी फोन करून एकच प्रश्न नीट विचारा: नाटक कंपनीचा टेम्पो आत कुठून येतो? कंपनीचे पेटारे भरलेला टेम्पो ज्या वाटेने रंगमंचापर्यंत जातो, तिथे रुंदीही पुरते आणि चढही बेताचा असतो. बहुतेक ठिकाणी ही वाट देवळाच्या मागून येते. त्याच फोनमध्ये नाटक सभामंडपात आहे, स्टेजवर आहे की जमिनीवर, हेही कळून घ्या. सभामंडपात चाकं न्यायला कुणी हरकत घेतली तर वाद घालू नका. ओल्या फडक्याने टायर समोरच पुसून दाखवले की काम सोपं होतं.

जांभ्या दगडाची एक पायरी साधारण चिऱ्याच्या (घडवलेल्या दगडी ठोकळ्याच्या) उंचीची, सुमारे 7 इंच. नियमाप्रमाणे 1:12 चा उतार (1 इंच उंचीला 12 इंच लांबी) धरला तर तिला 7 फुटांची फळी लागेल. ती कोण नेणार? त्यापेक्षा दोन माणसांनी खुर्ची चढवावी. पाठ पायऱ्यांकडे, खुर्ची मागे कललेली, मोठी चाकं पायरीच्या कडेला टेकवून एकाने मुठी धरून वर ओढायचं, दुसऱ्याने समोरून फ्रेम धरून आधार द्यायचा. उतरतानाही बसलेल्याचं तोंड उताराकडेच. हातांचे दांडे किंवा पाय ठेवायची पट्टी धरून उचलू नका. घडीच्या खुर्चीत हे भाग निघणारे असतात आणि ऐन पायरीवर हातात येतात.

किनाऱ्यालगतच्या देवळांत, उदाहरणार्थ कुणकेश्वरला, खरा त्रास वाळूचा. पुढची लहान चाकं रुततात, मागची नाहीत. म्हणून खुर्ची उलटी करून मागे ओढत न्या. हवेचे टायर असतील तर थोडी हवा काढल्याने चाक वाळूत कमी रुततं; पण ब्रेकचा दांडा टायरवरच दाबून बसतो, त्यामुळे हवा कमी झाली की ब्रेकही ढिला पडतो. थांबल्यावर मागच्या दोन्ही चाकांना चिऱ्याचे तुकडे लावा. बसायच्या जागी 12 मिलिमीटर जाडीचा, 3 फूट बाय 3 फूट प्लायवूड टाकला तर रात्रभर खुर्ची खचत नाही. कुबड्यांवर येणाऱ्यांनी ताडपत्रीवर बसायचा मोह टाळावा, पहाटे उठताना भारी पडतं. प्लास्टिकची खुर्ची घ्या. तिचे पायही वाळूत जातात, म्हणून तिच्याखालीही प्लाय हवाच.

आता जागा. अगदी मागे बसलात तर समोर उभे राहणारे सगळं झाकतात, कारण बसलेल्याची नजर चार फुटांच्या आसपासच असते. ताडपत्रीवर बसलेल्या बायकापोरांच्या कडेला, पायपेटी आणि पखवाज ज्या बाजूला असतील त्याच्या विरुद्ध अंगाला जागा धरा. तिथून नाटकातल्या पात्रांचा मधला बाकडा दिसतो, संकासुर या विनोदी राक्षसाची थट्टा नीट ऐकू येते आणि बाहेर पडायला वाटही मोकळी राहते. नाटक जमिनीवर असेल तर युद्धनृत्यासाठी निदान 6 फूट सोडा. गिरकीच्या भरात नटाचं लक्ष तुमच्या पायपट्टीकडे नसतं. जनरेटरच्या वायरी चाकाखालून जात नाहीत ना, हे दिवसाउजेडीच बघून ठेवा.

थंडीपेक्षा दंव जास्त छळतं. दोनच्या पुढे चाकाची स्टीलची कडी ओली, गार आणि निसरडी होते. सुती हातमोजे भिजतात, रबरी पकडीचे घ्या. गादीवर प्लास्टिक आणि त्यावर चादर. घोंगडीचं टोक आऱ्यांत अडकणार नाही असं मांडीखाली दाबून ठेवा. पाठीच्या कण्याला इजा असेल तर नाटक कितीही रंगलं तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचला किंवा कुशी बदला, नाहीतर जखम होते आणि तिचा पत्ता दुसऱ्या दिवशी लागतो. शौचालयात खुर्ची शिरेल असं गृहीत धरू नका. युरिनल आणि आडोशाला जुनं लुगडं बरोबर असू द्या. पाणी मात्र तोडू नका. पाणी कमी पडलं की मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो.

रात्र झेपत नसेल तर संध्याकाळी लवकर लागणारे संयुक्त (वेगवेगळ्या कंपन्यांच्या नटांचे एकत्र) किंवा ट्रिकसीनचे (धूर-उजेडाच्या करामतींचे) प्रयोग बघा. खुर्च्या मांडलेल्या असतात, पण धुराने दमा उठणाऱ्यांनी पुढची रांग सोडावी.

दहीकाल्याची हंडी फुटली की लगेच निघायची घाई नको. दह्याने आणि दंवाने फरशी गुळगुळीत झालेली असते आणि सगळा गाव एकाच वाटेने लोटतो. वीस मिनिटं थांबा. तोवर कंपनीवाले पेटारे बांधायला घेतात. टेम्पो हलला की त्याच्या मागोमाग निघा.