आधी ‘ड’ शोधा: मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी दोन तुकड्यांचा कीबोर्ड

दोन तुकड्यांचा पहिला कीबोर्ड घरी जोडून झाला तेव्हा मी सगळ्यात आधी त्यावर गावाचं नाव टाइप करायला घेतलं. फ आला, ओकार आला, अनुस्वार आला आणि पुढे बोट हवेतच राहिलं. शेजारी भाचा बसला होता. तो फर्मागुढीला इंजिनिअरिंग करतो, सोल्डरिंगचं सगळं त्यानेच केलं होतं. वाकून बघत म्हणाला, "मावशे, ड खंय आसा?"

ड नव्हताच. फोंड्यात राहून मी साडेआठ हजार रुपये घातले होते ते ‘फोंडा’ न लिहिता येणाऱ्या कीबोर्डवर.

माझं काम भाषांतराचं. खरेदीखतं, औषधांच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या, शाळांची परिपत्रकं, येईल ते. दिवसाला दोन-अडीच हजार शब्द सहज होतात. दोन वर्षांपूर्वी उजव्या मनगटात कळ यायला लागली, म्हणून हा सगळा खटाटोप. तुम्हालाही दुखत असेल, बोटं बधिर होत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जा. कीबोर्ड हे औषध नव्हे. साध्या कीबोर्डवर खांद्याएवढे रुंद हात वीतभर जागेत एकत्र आणावे लागतात आणि मनगटं बाहेरच्या बाजूला वाकतात. दोन तुकडे केले की प्रत्येक तुकडा आपापल्या खांद्यासमोर ठेवता येतो, मनगट सरळ राहतं. फायदा एवढाच, पण रोज सात-आठ तास टाइप करणाऱ्याला तो कमी नाही.

एक पैसा खर्च करण्याआधी हे करून बघा. घरात जुना कीबोर्ड असेलच, नसेल तर शेजाऱ्यांकडून एक आणा. विंडोजच्या एकाच कॉम्प्युटरला दोन्ही लावा. डाव्या हाताने डावीकडच्या कीबोर्डचा डावा भाग वापरायचा, उजव्याने उजवीकडच्याचा उजवा. एकावर शिफ्ट धरून दुसऱ्यावरचं अक्षर दाबलं तरी चालतं. दिसायला वेडपट दिसतं. आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलंही की दोन माणसांचं काम एकटीच करतेस का. पण असा आठवडा काढलात की हात लांब ठेवून बरं वाटतं की नाही ते कळतं, आणि शिवाय तुमचा ‘व’ कुठल्या हातात आहे तेही कळतं.

व ची गंमत अशी. मी इन्स्क्रिप्टवर टाइप करते. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड घेतला की मिळते तीच मांडणी, १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने प्रमाण केलेली. तिच्यात मात्रा जवळजवळ सगळ्या डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क-ा-क-ा म्हटलं की उजवा-डावा-उजवा-डावा, फुगडीसारखं. दोन तुकड्यांच्या कीबोर्डला याहून सोयीची मांडणी नाही. फक्त खालच्या ओळीतले म, न आणि व हे डावीकडे पडतात. त्यातला व इंग्रजी बी च्या बटणावर. मी वीस वर्षं व उजव्या तर्जनीने मारत आले होते. तुकडे वेगळे झाल्यावर ती तर्जनी दर ‘गाव’ला टेबलावर आपटायची. सवय मोडायला दहा-बारा दिवस लागले.

आता ड कडे येते, कारण निवडीचं सगळं त्याच्याशी अडलेलं आहे. हे कीबोर्ड बटणांच्या संख्येवरून ओळखले जातात. इंटरनेटवर सगळ्यात जास्त कौतुक दिसेल ते कॉर्नेचं, म्हणजे ४२ बटणं: प्रत्येक हाताला सहा-सहाच्या तीन ओळी आणि अंगठ्याला तीन. आराखडा मोकळा आहे, कोणीही बनवावा. देखणा आहे. मी त्यालाच भुलले. पण त्याचं कौतुक करणारे इंग्रजी लिहितात. इंग्रजीत चौकोनी कंस क्वचित लागतो, म्हणून त्याचं बटण गाळलं तर कोणाचं काही अडत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच बटणावर ड असतो. अवतरणचिन्हाच्या बटणावर ट, तो कॉर्नेवर वाचतो. बरोबरच्या चिन्हावर ृ आणि उलट्या तिरप्या रेघेवर ॉ, हे दोन्ही जातात. म्हणजे डॉक्टर गेला, कृषी गेली, मडगाव, डिचोली, पेडणे सगळं गेलं. आकड्यांची ओळही नाही, त्यामुळे शिफ्टबरोबर ५, ६, ७, ८ दाबून मिळणारे ज्ञ, त्र, क्ष, श्रसुद्धा वनवासात.

अशी अक्षरं ‘लेअर’मध्ये टाकता येतात. अंगठ्याने एक बटण दाबून धरलं की बाकीच्या बटणांचे अर्थ बदलतात. बाणांसाठी, एफ-वन ते एफ-ट्वेल्व्हसाठी हे झकास आहे. पण ड साठी? ‘थोडंसं पडकं झाड’ लिहून बघा. मी पंधरा दिवस लिहिलं आणि मग तो कीबोर्ड भाच्याला देऊन टाकला. तो प्रोग्रॅम लिहितो, खूश आहे.

तेव्हा मराठीत लिहिणाऱ्याने आकड्यांची ओळ असलेला आणि उजव्या करंगळीला एक पूर्ण जादा रकाना असलेलाच घ्यावा. लिली५८ किंवा सोफल, दोन्ही ५८ बटणांचे. सोफलला आवाज कमी-जास्त करायला गोल खुंट्या असतात, मला त्यांचा उपयोग नाही. तयार हवा असेल तर व्हॉयेजर ५२ बटणांचा, मूनलँडर ७२ चा. चांगले आहेत, पण बाहेरून येतात, किमतीवर कस्टम ड्युटीही धरून चाला. मी लिली५८ चा किट भारतातल्याच दुकानातून ऑनलाइन मागवला. सगळं मिळून साडेअकरा हजारांत बसलं.

मागवण्याआधी त्याचं पूर्ण मापाचं चित्र कागदावर छापा. छापताना ‘पानात बसवा’ बंद करा, नाहीतर आकार बदलतो. शेजारच्या दोन बटणांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टीने १९ मिलिमीटर भरले तर चित्र बरोबर आहे. त्यावर हात ठेवून डोळे मिटा आणि करंगळी कुठे टेकते ते बघा. या कीबोर्डांत रकाने सरळ उभे असतात आणि बोटांच्या लांबीप्रमाणे वर-खाली सरकवलेले असतात. नेहमीच्या कीबोर्डातल्या तिरक्या ओळी टाइपरायटरच्या दांड्यांपासून चालत आलेल्या आहेत. माझी करंगळी आखूड, कागदावर ट पर्यंत जेमतेम पोचली. अंगठ्याचं सगळ्यात आतलं बटण मात्र तळहाताखाली जात होतं, म्हणून तिथे मी कधीतरी लागणारं एस्केप ठेवलं.

बटणाखालचे स्विच तीन जातींचे. सरळ खाली जाणारे, मध्ये बारीक अडखळणारे आणि टिकटिक वाजणारे. मी पहाटे साडेपाचला कामाला बसते, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या आधी, आणि आई पलीकडच्या खोलीत झोपलेली असते. त्यामुळे टिकटिकवाले बादच. सरळवाल्यांत चेरी कंपनीचा लाल हा मोजमापाला धरतात: दोन मिलिमीटर खाली गेला की अक्षर उमटतं, त्याला साधारण ४५ ग्रॅम जोर लागतो. मला तो फार हलका वाटला, बोट टेकवलं तरी काना उमटायचा. मध्ये अडखळणारा तपकिरी ५५ चा, तो जमला. तुमचं वेगळं असू शकतं, म्हणून हॉटस्वॅप सॉकेट असलेलाच बोर्ड घ्या. त्यात स्विच चिमट्याने उपटून दुसरा बसवता येतो, सोल्डरिंग लागत नाही. आधी पाच-दहा सुटे स्विच मागवून बोटांनी दाबून बघणं सगळ्यात स्वस्त.

वरच्या टोप्या घेताना सगळ्या ओळींना एकाच उंचीच्या घ्या, एक्सडीए किंवा डीएसए नावाने मिळतात. नेहमीच्या संचात प्रत्येक ओळीचा उतार वेगळा असतो, अक्षरं हलवली की जमीन खडबडीत होते. प्लास्टिक पीबीटी असावं, एबीएस काही महिन्यांत तुपकट चमकायला लागतं. देवनागरी छापलेल्या टोप्या शोधत बसू नका. मी कोऱ्याच घेतल्या. एफ आणि जे वर उंचवटा असला की पुरे, म्हणजे डाव्या तर्जनीखाली ि आणि उजव्या तर्जनीखाली र. बाकीची आळी बोटांना पाठ असते.

खरा वेळ द्यायचा तो मांडणीला. किटमधल्या मेंदूत क्यूएमके नावाचं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्ड चालवणारा प्रोग्रॅम असतो आणि ब्राउझरमधूनच व्हाया किंवा व्हायल वापरून बटणं बदलता येतात. एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: कीबोर्डला मराठी येत नाही. तो फक्त ‘चौकोनी कंसाचं बटण दाबलं’ एवढंच सांगतो, त्याचा ड विंडोज करतं. त्यामुळे व्हायामध्ये ड शोधू नका, कंस शोधा. लिली५८ वर पी च्या, म्हणजे ज च्या उजवीकडे संयोगचिन्ह होतं, तिथे मी कंस टाकला. ड त्याच्या जुन्या घरी, ज च्या शेजारी परत आला. शून्याच्या उजवीकडे बरोबरचं चिन्ह, म्हणजे ृ. एन च्या आतल्या बाजूला एक जादा बटण असतं, त्यावर उलटी तिरपी रेघ, म्हणजे ॉ. संयोगचिन्ह आणि विसर्ग लेअरमध्ये गेले. दुःख काही रोज लिहावं लागत नाही.

पुढचा प्रश्न शिफ्टचा. इन्स्क्रिप्टमध्ये ण, ळ, श, ख, थ, फ आणि सुटे स्वर सगळे शिफ्टवर. इंग्रजीत शिफ्ट वाक्याला एकदा, मराठीत शब्दाशब्दाला, आणि तो भार करंगळीवर. माझं दुखणं निम्मं तिथलंच होतं असं मला वाटतं. शिफ्ट डाव्या अंगठ्याखाली आणा आणि ‘वन-शॉट’ करा: एकदा टिचकी मारून सोडायचं, पुढचं एकच अक्षर शिफ्टमधलं येतं. दाबून धरायला नको. मी आधी हुशारी करून स्पेस आणि शिफ्ट एकाच बटणावर ठेवले होते, टिचकी मारली तर स्पेस, धरून ठेवलं तर शिफ्ट. क्यूएमके या दोन्हींत फरक करायला २०० मिलिसेकंद घेतं. माझी बोटं तेवढी थांबेनात, ‘आणि शेत’चं ‘आणिशेत’ व्हायचं. हाच खेळ मधल्या ओळीवर करायचा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. मराठीत मधल्या ओळीला डावीकडे मात्रा आणि हलन्त असतात, सगळ्यात वेगाने दाबली जाणारी. निदान पहिले सहा महिने त्या वाटेला जाऊ नका.

बी च्या आतल्या जादा बटणाला मी शिफ्ट-एन दिलं. म्हणजे एका टिचकीत ळ! वाळपई, कवळे, कुंकळ्ळी. इंग्रजीत असताना तेच बटण दाबलं की मोठा एन उमटतो, तेवढं सांभाळायचं. आणि उजव्या अंगठ्याला विंडोज-स्पेस, म्हणजे मराठी-इंग्रजी अदलाबदल.

दोन्ही तुकड्यांना जोडणाऱ्या वायरीबद्दल, नीट ऐका. ती हेडफोनच्या पिनेसारखी दिसते म्हणून आपण हेडफोनसारखीच उपटतो. गेल्या जूनमध्ये पाऊस आत यायला लागला म्हणून मी घाईत लॅपटॉप उचलला आणि ती वायर चालू असतानाच ओढली. पिनेवरची कडी बाहेर येताना एकमेकांच्या जागांवरून घासत जातात, वीज नको तिथे जाते. उजवा तुकडा मेला. आतला छोटा बोर्ड बदलावा लागला, भाच्याने एक रविवार घालवला. तेव्हा आधी यूएसबी काढा, मग मधली वायर. लावताना उलट. आणि यूएसबी नेहमी त्याच तुकड्यात लावा, बदललीत तर मांडणी जुनी दिसू शकते.

पावसाळ्यात आपल्याकडे चपलांनाही बुरशी येते. मी मनगटाखाली लाकडी पट्ट्या घेतल्या होत्या, श्रावणात हिरव्या झाल्या. आता रबराच्या आहेत. स्विच बसवायची पट्टी पोलादाची घेऊ नका, फायबरची किंवा ॲल्युमिनियमची घ्या. किनाऱ्याजवळ राहत असाल तर हे दुप्पट खरं. रात्री दोन्ही तुकडे झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. गोड चहा दूर ठेवा, सांडला नाही तरी मुंग्यांना वास पुरतो.

सुरुवात चवथीच्या किंवा डेडलाइनच्या आठवड्यात करू नका, वेग निम्म्यावर येतो. मी रोज सकाळी कामाआधी तालुके टाइप करायचे: पेडणे, बार्देश, तिसवाडी, डिचोली, सत्तरी, फोंडा, मुरगाव, सासष्टी, केपे, सांगे, काणकोण, धारबांदोडा. सगळ्यात आधी बोटात बसलं ते धारबांदोडा. मुरगाव दुसऱ्या आठवड्यापर्यंत व ला अडायचं.