कमी खर्चात स्वयंपाकघर लावताना: आधी आवराआवर, सजावट शेवटी

स्वयंपाकघर नीट लावायचे ठरले की बहुतेक घरांत सुरुवात खरेदीने होते. एकसारख्या झाकणांचे डबे येतात, भिंतीला अडकवायचे स्टँड येतात आणि काही दिवसांतच त्यांतले निम्मे माळ्यावर जाऊन बसतात, कारण ते घेताना घरातल्या डाळ-तांदळाचे आणि मोकळ्या भिंतीचे माप कोणी घेतलेले नसते. हाताशी पैसे मोजके असतील तर आधी आवराआवर, मग भिंत आणि उजेड, त्यानंतर मांडणी, नंतर डबे आणि अगदी शेवटी सजावट असा क्रम ठेवावा. इथे उदाहरणासाठी पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींत सर्रास आढळणारे, साधारण आठ फूट बाय सात फुटांचे आणि एकाच भिंतीला ओटा असलेले स्वयंपाकघर धरले आहे. घरात माणसे पाच आणि खर्चाची मर्यादा दहा-पंधरा हजार रुपये. एवढ्यात मॉड्युलर किचन होत नाही, पण त्यावाचून फारसे अडतही नाही.

आवराआवरीसाठी सर्व भांडी बाहेरच्या खोलीत चादरीवर काढावीत आणि त्यांचे वापराप्रमाणे गट करावेत. रोज लागणारी एकीकडे, आठवड्या-पंधरवड्याने लागणारी दुसरीकडे आणि मोदकपात्र, सोऱ्या, पुरणयंत्र, मोठी परात अशी सणासुदीची भांडी तिसरीकडे. मग जे उरते ते पाहण्यासारखे असते: झाकण हरवलेले डबे, दांडा निखळलेले कुकर, लग्नात आहेर म्हणून आलेले आणि खोक्यातच राहिलेले डिनर सेट, संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेल्या प्लास्टिकच्या चाळण्या. यांतले धातूचे सामान मोडीत घालावे. तांब्या-पितळेला मोड चांगली येते, स्टीलला बेताची, तरीही मांडणीचा काही खर्च त्यातून निघतो. मात्र पितळेची जुनी, जाड भांडी घाईने देऊ नयेत, कारण तशी आता विकत घ्यायला गेल्यास महाग पडतात आणि सजावटीच्या वेळी त्यांचाच उपयोग होणार आहे.

खोली रिकामी असतानाच भिंतीचे काम उरकावे. ओट्याची मागची कड, सिंकचा काठ आणि नळाच्या पाइपभोवतीची भोके यांतून झुरळे आणि ओल आत येते. पाइपभोवतीची भोके व्हाइट सिमेंटने बुजवावीत आणि सिंकच्या काठाला सिलिकॉन भरावे. ओट्यामागे टाइल्स नसतील तर निदान दोन फूट उंचीपर्यंत ऑइल पेंट द्यावा, कारण डिस्टेंपर स्वस्त असला तरी फोडणीचे डाग पुसताना तोच निघून येतो. टाइल्सच्या नक्षीचे चिकटवायचे कागद बाजारात स्वस्त मिळतात. ते सिंकच्या बाजूला चालतील, शेगडीमागे मात्र लावू नयेत, कारण उष्णतेने त्यांच्या कडा सुटतात आणि आत तेल साचते.

उजेडाकडे लोकांचे जितके दुर्लक्ष होते तितके दुसऱ्या कशाकडेच होत नसेल. जुन्या घरांत ट्यूब बहुधा ओट्यासमोरच्या भिंतीवर असते, त्यामुळे ओट्याशी उभे राहणाऱ्याची सावली नेमकी भाजी चिरायच्या जागेवर पडते. तीच ट्यूब ओट्याच्या वर, फळीच्या पुढच्या कडेखाली आणली की निम्मी तक्रार संपते. 20 वॅटची एलईडी ट्यूब जुन्या 40 वॅटच्या ट्यूबच्या जवळपास उजेड देते आणि वीज निम्मी घेते. मुंबईत लोहार चाळीत आणि पुण्यात तपकीर गल्लीत असे सामान किरकोळ दुकानांपेक्षा स्वस्त पडते. इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर त्याच फेरीत प्लगचेही काम करून घ्यावे. मिक्सरला 6 अँपिअरचा प्लग पुरतो, पण ओव्हनसारख्या जास्त वीज घेणाऱ्या उपकरणाला 16 अँपिअरचा स्वतंत्र प्लग हवा, त्यासाठी मल्टिप्लग वापरू नये.

गॅसची जागा बदलताना सौंदर्यापेक्षा नियम महत्त्वाचे. सिलिंडर नेहमी उभा असावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर कपाटात ठेवायचा असेल तर दाराला खालच्या बाजूस झरोके हवेतच. नळी आयएसआय चिन्हाची, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. ओट्याखाली जुन्या सुती साडीचा पडदा शोभून दिसतो आणि दारांचा खर्च वाचवतो, पण तो सिंकखाली आणि धान्याच्या डब्यांसमोर लावावा. शेगडीच्या जवळपास पडदा नको, आणि सिंथेटिक कापड तर मुळीच नको.

आता मुख्य काम. भांडी प्रकाराप्रमाणे, म्हणजे सगळी पातेली एका फळीवर आणि सगळे चमचे एका खणात, अशी लावण्याची पद्धत आहे. ती दिसायला नीट असते, पण एक कप चहासाठी चार ठिकाणी हात घालावा लागतो. त्याऐवजी स्वयंपाकघरात रोज कोणती कामे होतात ते पाहावे आणि प्रत्येक कामाचे सामान एकत्र ठेवावे. चहाचे पातेले, गाळणे, साखर, चहापत्ती आणि कप ही एक जागा झाली, आणि शक्यतो ती दाराजवळच असावी, म्हणजे सकाळी पाहुण्यासाठी चहा टाकणारा आणि डबे भरणारी व्यक्ती एकमेकांच्या पायात येत नाहीत. कणकेचा डबा, परात, पोळपाट-लाटणे, तवा, उलथने आणि पोळ्यांचा डबा ही दुसरी जागा. मिसळणाचा डबा, तेलाची बुधली, सांडशी, पळी आणि झारा शेगडीच्या उजव्या हाताला. कामाची उंचीही इथेच तपासावी. ओटा कोपरापासून चार ते सहा इंच खाली असेल तर खांदे भरून येत नाहीत. ओटा उंच असेल आणि तो फोडणे परवडत नसेल तर कणीक मळण्यासाठी आणि पोळ्या लाटण्यासाठी थोडे बुटके, घट्ट पायांचे टेबल वेगळे ठेवावे. घरातल्या आजी विळीवर भाजी चिरत असतील तर जमिनीवर पाट मांडण्याइतकी जागा मोकळी सोडावी. ती जागा वाया गेली असे समजून तिथे कपाट ठोकण्याची घाई नसावी.

मिसळणाच्या डब्याबद्दल एक सांगायला हवे. तो शेगडीच्या बाजूला असावा, शेगडीच्या वरच्या फळीवर नसावा, कारण कुकरची वाफ त्याच फळीला धरते आणि तिखट-हळदीला गुठळ्या होतात. वर्षाचा गोडा मसाला आणि तिखट काचेच्या बरणीत, वर हिंगाचे खडे घालून, अंधाऱ्या खणात ठेवावे.

फळ्यांसाठी सुताराकडून कपाटे करून घेण्यापूर्वी दोन पर्याय पाहावेत. पहिला म्हणजे भिंतीवरची स्टीलची मांडणी, जी आधीच्या पिढीच्या घराघरांत होती आणि जिला उगाचच जुनाट ठरवले गेले. ताटांच्या खाचा, कपांच्या आकड्या आणि वाट्यांची फळी असलेली ही मांडणी सिंकच्या बरोबर वर लावली तर घासलेली भांडी तिथेच निथळतात आणि तिथेच राहतात. वेगळे टोपले लागत नाही, पुसून जागेवर लावण्याचे कामही वाचते. दुसरा पर्याय दुकानांत असतो तसल्या भोकांच्या लोखंडी अँगलच्या मांडणीचा. तिच्या फळ्या नट-बोल्टने हव्या त्या उंचीवर लावता येतात आणि भिंतीला भोक पाडावे लागत नाही, त्यामुळे भाड्याच्या घरात ती फार सोयीची. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा कोणत्याही गावच्या भंगारवाल्याकडे असे अँगल मिळतात. पॉलिश पेपरने गंज घासून रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा आणि वर आवडीचा ऑइल पेंट लावावा. लाकडीच कपाट हवे असेल तर सिंकखाली आयएस 710 असा शिक्का असलेले मरीन प्लाय वापरावे. साधे कमर्शियल प्लाय ओलीपासून दूर असलेल्या वरच्या कपाटांना पुरते, आणि पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगतो म्हणून ओट्याखाली नकोच.

डबे घेताना वजनावरून अंदाज बांधल्यास चुकतो, कारण प्रत्येक जिन्नस वेगळी जागा व्यापतो. एक किलो तांदूळ किंवा तूरडाळ साधारण सव्वा लिटरच्या डब्यात मावते, तर एक किलो कणकेला जवळजवळ दोन लिटर लागतात. म्हणजे पाच किलो दळण आणणाऱ्या घराला दहा लिटरचा डबा हवा. पोहे-चुरमुऱ्यांचे तर वजन पाहूच नये, पिशवीच पाहावी. नवे डबे फक्त उणीव असेल तिथेच घ्यावेत. जॅमच्या आणि कॉफीच्या रिकाम्या बरण्या कडधान्यांना उत्तम, कारण आतले दिसते. ज्यांतून लोणच्याचा वास जात नाही त्या बरण्यांत पुन्हा लोणचेच भरावे. मीठ स्टीलच्या डब्यात ठेवू नये, कालांतराने धातूला बारीक खड्डे पडतात; त्यासाठी काच किंवा चिनी मातीची बरणी बरी. वर्षाचे गहू एप्रिल-मेच्या उन्हात कडकडीत वाळवून, पूर्ण गार झाल्यावर कोठीत भरावेत आणि थरांमध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. कोठी भिंतीला टेकवू नये, आणि खाली लाकडी पाट किंवा विटा द्याव्यात. माळ्यावर गेलेल्या सणासुदीच्या सामानाची यादी एका कागदावर लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवावी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर चकलीच्या साच्यासाठी अख्खा माळा उतरवावा लागत नाही.

एवढे झाल्यावर सजावटीला फार पैसे उरत नाहीत, आणि फार लागतही नाहीत. जपून ठेवलेली पितळेची परात, तांब्याची कळशी, दगडी खलबत्ता यांना उजेडात येईल अशी एक फळी द्यावी. नव्याने घ्यायचे असेल तर पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत किंवा मुंबईत भुलेश्वरला पाहावे. शोभेच्या पितळी भांड्यांत पुन्हा स्वयंपाक करायचा असेल तर आधी कल्हई करून घ्यावी. तांबे-पितळ उजळायला चिंच-मीठ लागते, पण ते काम कडाप्प्याच्या ओट्यावर करू नये: कडाप्पा हा चुनखडीचा दगड असल्याने आंबटाने त्यावर पांढरे डाग पडतात. ग्रॅनाइटला ही भीती नसते.

रंग निवडताना खोलीचा आकार पाहावा. एका खिडकीच्या खोलीत भिंती फिकट ठेवून लोखंडी मांडणीला गडद निळा किंवा गेरूचा रंग दिला तर तेवढ्याने खोली उठून दिसते. खिडकीत पुदिना, गवती चहा आणि कढीपत्त्याचे रोप लावावे, पण गजांना बांधलेल्या कुंड्यांमुळे खालच्यांच्या कपड्यांवर पाणी पडणार नाही याची सोय आधी करावी. देव्हारा स्वयंपाकघरातच असेल, आणि लहान घरांत तो बहुधा तिथेच असतो, तर तो शेगडीच्या तेलकट वाफेपासून शक्य तितका दूर ठेवावा. समईच्या वर लाकडी फळी येत असेल तर ज्योतीची उंची पाहून फळीच्या खालच्या अंगाला स्टीलचा पत्रा ठोकावा.

सगळे पैसे एकदम संपवू नयेत. दोन-अडीच हजार बाजूला ठेवून महिनाभर या मांडणीत स्वयंपाक करावा. तेवढ्यात ओला नॅपकिन कोठे लोंबकळतो, कोणता डबा रोज दुसऱ्याच फळीवर सापडतो आणि शाळेचे डबे भरताना हात कोठे अडखळतो ते कळते, आणि खुंट्या, आकड्या किंवा एखादी जादा फळी नेमक्या त्याच जागी लावता येते.